डोळा भरणे

सैक गावाच्या वर, जिथे डांबर संपतं
आणि डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी दरीत उतरतो,
तिथे नसराबाईंची बाग आहे.
बाग आहे, बाई नाहीत.
हिलाल बिन झाहिर यांनी फाटकावर तसं कोरून घेतलंय,
आणि आतल्या खिळ्यावर बाईंची कात्री.
ती कुणी उतरवायची नाही.

एकशे सहा आळी, एकशे सहा पाट्या.
एक गुलाब बसऱ्याहून पडावातून आलेला, ओल्या गोणपाटात,
एक ताइफच्या कुठल्या सुनेने रुखवतात आणलेला,
एक मस्कतच्या जुन्या दवाखान्यामागचा.
दवाखाना पाडायला घेतला तेव्हा
बाईंनी बुलडोझरवाल्याला चहा पाजत तासभर अडवलं म्हणे,
आणि तेवढ्यात खणून काढला.
बाजारात यांना कुणी विचारत नाही.
वाकडे देठ, दोन दिवसांत पाकळ्या टाकतात.

मी मावळातला.
तळेगावाकडे पॉलिहाउसात बारा वर्षं
फेब्रुवारीचे गुलाब कापले:
साठ सेंटिमीटर देठ, वीसची जुडी, डोक्याला पुठ्ठ्याची टोपी,
लाल, आणि वास म्हणाल तर शपथेला नाही.
रात्री बायको म्हणायची, हात धुऊन या, औषध येतंय.

इथल्या पहिल्या एप्रिलात, पहाटे चारला,
परडी घेऊन उभा राहिलो
आणि नाकाला कळेना कुठे बघावं.

“वर्द,” हिलाल म्हणाले.
“गुलाब,” मी म्हणालो.
ते हसले. त्यांना थोडी फारसी येते.
“गुलाब म्हणजे फूल नव्हे, बाबा. फुलाचं पाणी.”
मागे भट्टीवर तेच तर थेंब थेंब उतरत होतं.
आम्ही पिढ्यान्‌पिढ्या
फुलालाच पाणी म्हणत आलो.

त्यांच्या तोंडी प नाही.
मी पोपट, त्यांच्या तोंडी बोबत.
एकशे सहा नावं बिनचूक पाठ,
एकशे सातवं चुकतं.
मीही सोडून दिलं.
आई गेली त्या रात्री फोनवर भाऊ ‘पोपट्या’ म्हणाला,
आणि क्षणभर मला समजेना, कुणाला हाक मारतोय.

गेल्या साली पाऊस फिरकला नाही.
पाटात पाणी बोटभर, तेही पाळीने.
चौदा नंबर बसला.
बाईंच्या आईच्या अंगणातला, याची दुसरीकडे काडी नाही.
मुळं कुजकी, फांद्या खडखडीत,
एकाच काडीला जरासं हिरवं.
तिच्यावर एक डोळा.

रानगुलाबाच्या खुंटावर छेद दिला,
साल अलगद उचलली, डोळा आत सरकवला, पट्टी गुंडाळली.
हिलाल शेजारी उकिडवे बसलेले.
“याला तुमच्यात काय म्हणतात?”
“डोळा भरणे.”
माझ्या मोडक्या अरबीत ते सांगायला गेलो
आणि ते एकदम दरीकडे बघायला लागले.
“रडणं नव्हे, अरबाब. कामाचं नाव आहे.”
“कळलं,” म्हणाले.
पण मान वळवली नाही.

डोळ्याखाली पानाचं देठ राखतो आम्ही, पान कापून.
पंधरा दिवस हात लावायचा नाही.
मग बोटाने टेकवून बघायचं.
देठ वाळून घट्ट धरून बसलं असेल
तर आत काही उरलं नाही.
बोट लागताच गळालं
तर डोळा जगला.

सोळाव्या दिवशी ते स्वतः आले.
कंदुरा सावरत वाकले, बोट टेकवलं.
पडलं.
मी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणालो, त्यांच्या आधी.
ते काही बोलले नाहीत,
बराच वेळ मातीत
ते एवढंसं देठ शोधत राहिले.

संध्याकाळी फाटक लावताना पाहिलं,
खिळा मोकळा.
कात्री माझ्या पिशवीत होती,
तेल दिलेली.