वाजवून घेणे

आमच्या तांबट आळीत भांडं डोळ्यांनी घेत नाहीत.
चकाकी कुणीही देतो, चिंच आणि राख स्वस्त आहे.
उलटं धरायचं, नखाने टिचकी मारायची,
आणि आवाज विझेपर्यंत बोलायचं नाही.
तडा असेल तर तो लवकर विझतो.

हे जुईलीला रिक्षात सांगणार होतो,
पण ती आरशात ओठ बघत होती
आणि कॉलेज रोड आला.

तिसरा मजला. खाली सँडविचवाला, वर एसी.
भिंतभर फोटो : सर आणि कुणी नट, सर आणि कुणी नटी,
प्रत्येक फोटोत सर तेच, हसू तेच.
शिकून गेलेलं पोर एकाही चौकटीत नाही.

सर म्हणाले, फेस आहे हिच्याकडे.
म्हटलं, हो, जन्मापासून.
सर म्हणाले, पोर्टफोलिओ, रॅम्प, अभिनय, तीन महिने,
पासष्ट हजार, आज संध्याकाळपर्यंत भरले तर पन्नास,
आणि पहिली जाहिरात आमच्याकडून पक्की.

मी टिचकी मारली :
गेल्या वर्षीची मुलं कुठे आहेत?
मुंबईत.
मुंबईत कुठे?
प्रोजेक्ट चालू आहेत.
एकीचा फोन नंबर मिळेल?
सरांनी एसी वाढवला.
पावती मागितली, तर कोरा कागद आणि छानसं पेन.
शिकवतं कोण, विचारलं, तर पुन्हा भिंतीकडे बोट.

जिना उतरताना जुईली दोन पायऱ्या पुढे.
घरी दोन दिवस ताट तसंच.
माझी मुलगी माझ्यावर रुसली की
हातोडीचा नेम चुकतो, हे आळीला माहीत आहे.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या दत्तोपंतांनी विचारलंच,
हंडा आहे का, घागर आहे? नुसतं ठोकताय.

पंचवटीत शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला
हेमलता दाणी बाई शिकवतात, असं गिऱ्हाइकाकडून कळलं.
महिन्याला बाराशे, पावतीवर छापील नंबर.
बाई म्हणाल्या, आधी चार दिवस मागे बसून बघा, फुकट.
म्हणाल्या, काम मिळेल असं लिहून देणार नाही,
मलाच कुणी दिलं नव्हतं.
रॅम्पचं मला कळत नाही.
ते शिकायचं तर पुण्यातल्या दोघी सांगते,
त्यांच्याकडे शिकलेल्या मुलींना आधी फोन करा, मग त्यांना.
आणि कुणी एकटीला हॉटेलवर ऑडिशनला बोलावलं
तर जायचं नाही. मला फोन, मग बाबांना, नाहीतर उलटं.

मी टिचकी मारायला बोट उचललं होतं.
आवाज आधीच येत होता.

पहिल्या दिवशी जुईलीने स्टेज झाडलं.
दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं नुसती उभी राहिली,
येऊन म्हणाली, बाबा, हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.
महिन्याभराने एक वाक्य मिळालं, एकच :
दार उघडा, मी आले आहे.

खरं सांगतो, रात्री कधी वाटतं,
त्या तिसऱ्या मजल्यावर खरंच काही असतं तर?
पोरीचा रस्ता मीच बुजवला असेल तर?
नुसत्या चकाकीखालीही कधी सोनं निघतं म्हणतात.
माझ्या हातून अजून निघालेलं नाही,
पण कल्हई वाईट असली की ताक कळकतं,
ते मात्र पुष्कळ पाहिलंय.

काल दुकान बंद करून टेकलो होतो.
ओट्यापाशी ती म्हणत होती, दार उघडा, मी आले आहे.
रागाने, हसून, दमून, घाबरून.
मी मोजत होतो, एकतीस, बत्तीस,
मग मोजायचं राहून गेलं.
पुन्हा आवाज आला, हळू,
जशी खूप दिवसांनी कुणी परतलेली.

मी उठलो आणि कडी काढली.

बाहेर आळी. कुणाचं तरी कुत्रं.
मागे वळलो तर जुईली ओट्यापाशीच,
हातात लाटणं, हसत नव्हती.