प्रश्न सतरावा

बोरी नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक.
मध्ये फक्त वाळू, आणि मे महिना.
विद्यापीठात निकुंभ सरांनी दोन चिठ्ठ्या केल्या,
शिपाई आप्पांनी डोळे मिटून एक उचलली.
अलीकडच्या गावाला मिळाल्या बारा गुरुवारच्या बैठका:
पोरांशी कसं बोलावं, राग कुठे ठेवावा,
घरात बाटली फुटली की लेकरू कुणाकडे न्यावं.
पलीकडच्याला मिळाले एक्केचाळीस प्रश्न,
आणि ते विचारायला मी.

तुलनेचं गाव म्हणतात त्याला.
त्याला द्यायचं काही नसतं. मोजायचं.

पूर ओसरला की भिंतीवर रेघ राहते,
साथ गेली की नावं.
पण जे होणार होतं आणि झालंच नाही
त्याचा ना पंचनामा, ना बातमी.
त्याच्यासाठी सर रात्रभर आकडे चाळत बसतात
आणि सकाळी चष्मा पुसत म्हणतात,
किंचित काहीतरी दिसतंय.

मीराबाई सैंदाणे, वय एकोणतीस, जिनिंगमध्ये रोजंदारी.
भुवयांवर अजून कापसाचे तंतू.
दुसरी फेरी. प्रश्न सतरावा:
गेल्या सात दिवसांत मुलावर किती वेळा हात उचलला?
कधीच नाही. एकदा. दोन-तीनदा. रोज.

ती लोकेशकडे बघते.
तो कोंबडीच्या पिल्लाला
शेंगेचं टरफल टोपी म्हणून घालू पाहतोय.

"उचला व्हता," ती म्हणते.
"मंग तुना सवाल याद वना.
हात तठेच ऱ्हायना.
मंग त्यानं डोकंच इचरी दिधं.
हाई कोठे लिखशी, ताई?"

चार चौकटी. एकही तिची नाही.
आणि हे तर तुलनेचं गाव,
इथे काही घडायला नको होतं.

सरांना फोन लावला. रेंज येत-जात होती.
"विचारल्यानेही फरक पडतो कधी कधी," सर म्हणाले,
"मग आपला हिशेब बिघडतो."
जरा वेळ नुसती खरखर.
मग त्यांनी विचारलं, "केवढा आहे मुलगा?"

पुढच्या वर्षी इथेही बैठका होतील,
प्रस्तावात तसं लिहिलंय, मी निघताना सांगितलं.
"तवलोंग," मीराबाई म्हणाली, "सवालच इचारशी का?"

नदी ओलांडताना चपलेत वाळू जाते, चटके बसतात.
पिशवीत तिचा अर्ज.
सतराव्या प्रश्नाशेजारी, समासात,
पेन्सिलीने, खोडता येईल इतकं पुसट:
केस विंचरले.