चार अंश

रावपुऱ्यातल्या रक्तपेढीत रात्रपाळीला
मी आणि फाल्गुनी
पिशाच्चांच्या प्रेमकथा वाचतो.
पुस्तक एकच, शिवणीपाशी उसवलेलं;
पुढचा अर्धा तिच्याकडे, मागचा माझ्याकडे.
फ्रिज चार अंशांवर घुमत असतो.

ती फिकट्याच्या बाजूची:
दोनशे वर्षं उपाशी, तरी मानेला ओठ लावत नाही.
मी त्या दुसऱ्याच्या,
ज्याचं अंग तापतं, जो भांडतो,
आणि कधीतरी म्हातारा होणार असतो.
एका कथेत तर दोघं सख्खे भाऊ,
तिथं फाल्गुनीही डगमगते.
"पोरीचा ब्लडग्रुप मात्र कुणीच विचारत नाही,"
मी म्हणते.
"गप. वाच."

परवा पावणेतीनला दोघं आले.
बाई एकच, बाळंतीण, ऑपरेशनच्या टेबलावर.
एकानं फॉर्मवर लिहिलं: पती.
दुसऱ्यानं नात्याचा रकाना कोराच सोडला.
शेजारशेजारच्या खाटा,
मुठी उघडतायत, मिटतायत,
कुणी कुणाकडे बघेना.
फिकट पडला तो नवरा.
दुसऱ्यानं ग्लुकोजचं बिस्कीट मोडून
अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

"आता बोल, तू कुणाच्या बाजूची?"
फाल्गुनीनं हळूच विचारलं.
लेबलं चिकटवायची होती अजून.
माझ्या दोन हातांत दोन पिशव्या,
दोन्ही सारख्याच कोमट.