दुभाष्याची वही

केप्याच्या तिंट्यावर, फणसाखाली,
साहेबाने टेबल मांडलं. टेबल म्हणजे दोन पेट्या
आणि वर पाद्रीकडून मागून आणलेली फळी.
मी दुभाषी. तो बोलेल ते यांना सांगायचं,
हे बोलतील ते त्याला.
मधलं काही माझं नाही.

नाताळात ऊस आहे, तो म्हणाला.
कुणीतरी हसलं: नाताळ तर किरिस्तांवांचा सण,
त्यात ऊस कसला?
देश आहे, मी म्हणालो. गलबताने जायचं.
पाच वर्षं. तांदूळ, कांबळं, रोख पैसा.

मागे उकिडवा बसलेला बुदो वेळीप:
तिथं माणसं नाहीत?
आहेत. झुलू म्हणतात त्यांना.
मग ते का तोडत नाहीत ऊस?

आळशी आहेत.
साहेबाने पाइप झटकला, मी शब्द पुढे सरकवला.
ओळखीचाच होता,
भाटकाराच्या तोंडी रोज असतो.

करतात काय मग दिवसभर?
साहेब चिडला, आणि चिडल्यावर
खरं बोलत गेला:
गुरं राखतात. मका पेरतात, घरापुरता.
झोपडीमागे कर बसवला,
तर दोन बैल विकून तो भरला
आणि पुन्हा झोपडीत जाऊन बसले.
आलेच मळ्यावर तर एक महिना,
तोही चंद्राचा!
चंद्र दिसेनासा झाला की कोयता खाली, मजुरी द्या.
कॅलेंडर दाखवलं तर आभाळाकडे बोट करतात.

बुदोने वर पाहिलं. भर दुपार,
तिथं काहीच नव्हतं.
आज दशमी, तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.
अवसेला आम्हीही कुदळ धरत नाही.
मग डोंगराकडे पाहिलं, जिथं
कुमेर जाळायला गेल्या साली बंदी आली
आणि नाचणी तरीही उभी होती,
रानखात्याच्या शिपायाच्या छातीइतकी.

ते झुलू, त्याने विचारलं, कुमेर करतात?

काय म्हणतोय, साहेबाने विचारलं.
काही नाही, मी म्हणालो.

बुदो उठला. कोयता कमरेच्या आकडीत अडकवला.
त्याच्यामागून सात जण गेले.
पाच उरले, त्यांनी निशाण्या केल्या.
त्यांच्या घरी नाचणी नव्हती.

वहीत एक रकाना असतो, नकाराच्या कारणाचा.
मी लिहिलं: आळशी. आठ वेळा,
वळणदार, बोरू नीट बुडवून.

माझा पगार एकतीस तारखेला.
एका रात्री लघवीला उठून अंगणात आलो,
आभाळात चंद्र नव्हता.
पगाराला अजून अकरा दिवस होते.