डाख

भद्रकालीतल्या दवाखान्यात
मोरेश्वर तांबट आ वासून
माझ्या हातांकडे बघत असतात.

थंड काचेवर चिमूटचिमूट पूड
थेंबात कालवते.
धातूच्या कॅपला हे जुनं जस्ताचं सिमेंट पुरतं.
त्यांच्या सुनेचा पुढचा दात मात्र काचेच्या जातीचा,
त्याला रेझिनच हवं,
आतून आम्लाने खरखरीत करून,
आणि खालच्या खुंटावर
तात्पुरत्या सिमेंटातल्या लवंगतेलाचा
वाससुद्धा उरू न देता.

चूळ टाकून ते म्हणतात,
"तांब्याचा डाख वेगळा, पितळेचा वेगळा.
बापाने एका कानफटात शिकवलं."

मी हसते.
मला पाच वर्षं लागली,
शिवाय चिवड्याच्या कागदात गुंडाळून
सातपूरहून परत आलेली
एक कॅप.