रकाना सतरा

बंदीचा दुसरा महिना. निवतीला होड्या माडांत ओढलेल्या,
वर झापांचं शाकार, त्यावर निळं प्लास्टिक, त्यावर टायर.
माझ्या पिशवीत बासष्ट अर्ज, दोन पेनं
आणि प्रत्येक घरी द्यायला साबणाची एक वडी.
मोबदला म्हणायचं नाही तिला,
असं प्रशिक्षणात दोनदा सांगितलेलं.

प्रश्न नऊ. ज्येष्ठ व्यक्ती गेल्या वर्षभरात किती वेळा पडली?
धाकू मेतर, वय सत्त्याहत्तर, कानावर विडी,
गुडघ्यावर वाळून तडकलेला हळदीचा लेप.
म्हणाले, "मी खंय पडलंय? भुंयच वर इली."
मी हसले. लिहिलं, शून्य.
आतून आवाज आला, "चार."
आत कोण ते दिसेना. नुसता
सुका बांगडा भाजल्याचा वास.

प्रश्न बारा. घरात मद्यपान करणारी व्यक्ती?
झील. सहदेव. पूर्वी तांडेल, आता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी.
हे एवढं सांगून धाकू समुद्राकडे तोंड करून बोलत राहिले
डिझेलबद्दल, पर्ससीनवाल्यांबद्दल,
एका रात्री वीस माणसांना न ओढवलेल्या जाळ्याबद्दल.
मी पर्यायांवर पेन धरून बसलेली.
रोज, आठवड्यातून, प्रसंगी.
"प्रसंगी," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"रोजच कायतरी प्रसंग आसता."

तेव्हा ती बाहेर आली. तेजल, सहावीतली,
शाळेचा स्कर्ट, वर बापाचा शर्ट, मनगटापर्यंत राख.
आजोबांची विडी कानावरून काढून
तिनं खिशात टाकली, सहज, जशी घरातली मोठी माणसं टाकतात.

बाप किती पिऊन आला ते तिला
पाखाडीवरच्या चपलांवरून कळतं.
दोन्ही वाजल्या तर पान वाढायचं.
एकच वाजली तर आजोबांना मागच्या पडवीत न्यायचं,
रेडिओसकट.
एकही वाजली नाही
तर बॅटरी घेऊन निघायचं, विहिरीकडून आधी.
आमच्याकडेही एक मोजपट्टी होती, शून्य ते चाळीस गुणांची,
कितीतरी देशांत तपासून घेतलेली.
तिची जास्त बारीक होती.

रकाना सतरा. मुख्य काळजीवाहू व्यक्ती,
नाव, वय, नातं.
आई म्हापशाला हॉटेलात भांडी घासते, चतुर्थीला येते.
मी पेन पुढे केलं. तिनं शर्टाला हात पुसून
वळणदार लिहिलं सगळं, अकरा हा आकडासुद्धा.
"ताई, माजा नाव छापतलास काय?"
नावं छापत नाहीत, मी म्हटलं, नंबर असतो.
"मगे माजो नंबर कितको?"
सदतीस.
तळहातावर लिहून घेतला तिनं.

अर्ज परत आला, लाल गोल करून.
वय अठराच्या खाली चालत नाही, दुरुस्त करा.
आईचं नाव टाका, सर म्हणाले, तसं ते खोटंही नाही.
सर वाईट नव्हते. तीन तालुके होते त्यांच्याकडे
आणि मार्चअखेर.
मी आईचं नाव टाकलं नाही. तेजलचंही ठेवलं नाही.
रकाना कोरा सोडला आणि दुसऱ्या अर्जाला लागले,
याला मी त्या दिवशी प्रामाणिकपणा म्हणत होते.

अहवाल सुंदर झाला. गुळगुळीत कागद,
मुखपृष्ठावर संध्याकाळचा किनारा, माणूस नसलेला.
तक्ता चार, शेवटची ओळ,
काळजीवाहू व्यक्ती, माहिती उपलब्ध नाही, साडेसहा टक्के.

बासष्टातली चार घरं.
एक सदतीस.
उरलेल्या तिन्ही घरी मी पाणी मागितलं होतं,
ऊन नव्हतं, तरी घसा सुकलेला प्रश्न वाचून वाचून.
तांब्या आठवतो, एका घरचा पितळेचा, काठाला पोचा.
तो धरलेले हात केवढे होते
ते आठवत नाही.