घरगुती कारणास्तव

पणजीला, पेन्शन विभागात,
किटेरिया बाई माझं सेवापुस्तक उघडतात,
पहिल्याच पानावर चष्मा कपाळाला चढवतात:
'हवालदार, ह्या आदलीं वर्सां खंय गेलीं?'

गेली नाहीत, बाई.
तेरेखोलच्या पलीकडच्या काठावर आहेत,
आरोंद्याच्या चौकीत, पत्र्याखाली.
चार वर्षे, सात महिने, अकरा दिवस.
बक्कल नंबर सातशे बारा.

राजीनामा मी लिहिला, हे खरं.
अक्षर माझं, मजकूर धुरी रायटरचा.
'घाल रे, घरगुती कारणास्तव.
सगळे तसांच घालतत.'
घातलं.
घरगुती म्हणाल तर बायकोला दिवस गेलेले,
सासर पेडण्याचं,
आणि गोव्याचा पगार तीनशेने जास्त.
'दुसऱ्या पोलीस खात्यात निवड झाल्याने'
एवढे पाच शब्द
धुरीच्या तोंडात आले नाहीत,
माझ्या पेनात आले नाहीत.

सोमवारी राजीनामा मंजूर,
मंगळवारी होडीतून किरणपाणीला उतरलो,
बुधवारी हजर.
मधे एक रात्र. तिलाच आता खंड म्हणतात.

ओरोसचं पत्र आलंय:
सदर इसमाने स्वेच्छेने सेवा सोडली,
सबब मागील सेवेचा हिस्सा देय नाही.
पणजीचं उत्तर तयार आहे:
तिकडून हिस्सा आल्याशिवाय
इकडे सेवा धरता येत नाही.
सदर इसम दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स घेऊन
जिन्यात उभा.

हे भांडण मी आधी पाहिलंय.
त्या चार वर्षांतच, आश्विनात,
खाडीच्या मधोमध एक पोरगा तरंगत होता,
पालथा, निळ्या बनियनमध्ये.
आमची होडी आरोंद्याहून,
त्यांची किरणपाणीहून.
'तुमचो.'
'ना रे, तुमचो.'
वल्ही वर धरून बसलो दोघे,
भरती-ओहोटी काय ठरवते ते बघत.
पाणी फिरायच्या वेळेला थांबतं ना,
तसा तोही थांबला होता.
मग काठावर त्याची आई आली.
ओरडली नाही. नुसती पाण्यात चालायला लागली,
साडी नेसलेली, कमरेपर्यंत.
तेव्हा त्या बाजूच्या रोयदासने एक दंड धरला,
मी दुसरा.

पंचनामा मी लिहिला.
आता ती वर्षंच धरायची नाहीत,
तर त्या दिवशी डावा दंड कोणी धरला होता
हे एकदा कळवावं, ही विनंती.

एक गोष्ट मात्र विनाअर्ज बदलून आली:
उजवा गुडघा.
बांद्याच्या नाक्यावर दारूच्या टेम्पोमागे धावताना गेला,
इकडे पत्रादेवीला पाऊस धरला की दुखायचा.
त्याला ना-हरकत लागली नाही.
मोबाइललाही कळत नाही पुलावर हद्द कुठे लागते.

धुरीकडे जाऊन आलो गेल्या रविवारी.
अर्धांगवायू. सून चहा घेऊन आली.
मी राजीनाम्याची नक्कल त्याच्यासमोर धरली.
खूप वेळ बघून तो म्हणाला,
'अक्षर बरा हा रे तुझा.'
आणखी काही नाही.
चहात साखर जास्त होती. मी प्यायलो.

निवृत्तीला आता पाच महिने.
बायको कॅलेंडरच्या मागे बेरीज मांडते,
एकदा ती वर्षं धरून, एकदा सोडून.
दोन्ही आकड्यांच्या मधे
मुलीच्या घराचा हप्ता बसतो, जवळजवळ पूर्ण.

आज बाईंनी फाइलची नाडी सोडली,
कुणाचं लक्ष नाही बघून
सेवापुस्तकाच्या रकान्यात लिहिलं: ४-७-११.
पेन्सिलीने.
'पेनान बरोवंक मेळना. पूण जागो धरून दवरतां.'

दवरा, बाई.
पान मिटताना मी बोटं
त्या आकड्यांपासून लांब ठेवली,
घामाची होती.